एसएमपीएस टेबलावर तपासताना: पंखा फिरला म्हणून सप्लाय पास होत नाही

गोव्यातल्या साखळी गावाहून एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे. मेच्या शेवटी एका रात्री जोरदार गडगडाट झाला, लाईट दोन-तीनदा गेली-आली, आणि सकाळपासून कॉम्प्युटर सुरू होत नाही. बटण दाबलं की पंखा एकदा हलतो आणि थांबतो. मामा म्हणतात, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजेच सप्लाय) बाहेर काढ, हिरव्या नि काळ्या वायरीत पेपरक्लिप घाल. पंखा फिरला तर सप्लाय चांगला, म्हणजे मदरबोर्ड गेला. हे करणं सुरक्षित आहे का, आणि मामांचं बरोबर आहे का?

मामा अर्धे बरोबर आहेत. क्लिप घालून सप्लाय सुरू करायची रीत जुनी आहे आणि दुकानात आम्हीही तेच करतो. पण पंखा फिरला यावरून सप्लाय अगदीच मेलेला नाही, इतकंच कळतं. पंख्याला 12 व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर लागतो, आणि साधा घरगुती कॉम्प्युटर कामाला लागला की त्याच 12 व्होल्टवर सहा-आठ अँपिअर सहज ओढतो. पाव अँपिअर देणारा सप्लाय आठ देईल याची हमी कोण देणार? उलट बाजूही आहे. हल्लीचे बरेच चांगले सप्लाय लोड नसताना पंखा मुद्दाम बंद ठेवतात. क्लिप घातली, पंखा हलला नाही, म्हणून धडधाकट सप्लाय भंगारात काढलेले लोक मी पाहिले आहेत. तेव्हा पंख्याकडे बघायचंच नाही, मीटरकडे बघायचं. दोनेकशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो.

आधी सुरक्षिततेचं. लोक क्लिपला घाबरतात आणि डब्याला घाबरत नाहीत. असायला हवं नेमकं उलट. हिरव्या वायरीवर आतून एका रेझिस्टरमधून 5 व्होल्ट आलेले असतात. मदरबोर्ड ती वायर ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला, ओढतो आणि सप्लाय चालू होतो. क्लिपने आपण तेवढंच करतो. त्यातून दोन मिलिअँपिअरसुद्धा जात नाहीत, म्हणजे शॉकही नाही आणि चटकाही नाही. तरी क्लिपऐवजी दोन्ही टोकं सोललेला प्लास्टिक आवरणाचा वायरीचा तुकडा घ्या, म्हणजे तो शेजारच्या पिनांना टेकणार नाही.

डब्याच्या आतली गोष्ट वेगळी. 230 व्होल्टचा एसी रेक्टिफायरमधून गेला की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी बसतो. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या सप्लायमध्ये तो आकडा 380 ते 400 पर्यंत जातो. चालू स्थितीतला सप्लाय प्लग काढल्यावर हा साठा स्वतःच वापरून संपवतो. बंद पडलेल्या सप्लायमध्ये तो वापरणारा भागच मेलेला असतो, म्हणून साठा तसाच राहू शकतो. मेलेला सप्लाय जिवंतापेक्षा जास्त घातक, असं मी दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो. तुम्ही डबा उघडू नका. आतला फ्यूज बदलून बघायचा मोहही टाळा, कारण बहुतेक वेळा तो फ्यूज आतला ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर शॉर्ट झाल्यामुळे उडालेला असतो. नवा घातलात तर तोही जाईल, कदाचित आवाज करून.

मागच्या बाजूला 115/230 असं लिहिलेलं लाल स्लाइड बटण आहे का बघा. नव्या सप्लायमध्ये ते नसतं. जुन्यात असेल तर 230 वरच हवं. ते 115 वर असताना आपल्याकडच्या लाईटवर लावलं तर आतला व्होल्टेज दुप्पट करणारा मार्ग चालू होतो, 200 व्होल्टच्या कपॅसिटरांवर प्रत्येकी सव्वातीनशे येतात आणि ते फुटतात. गोव्यात हे सांगायला हवं, कारण बोटीवर कामाला असलेल्या कुणीतरी अमेरिकेच्या बंदरातून आणलेलं कॉम्प्युटर घरोघरी निघतं.

आता अर्थिंग, जे आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. सप्लायच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यातून गळणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्र्यावर सुमारे निम्मा व्होल्टेज, म्हणजे 115 च्या आसपास, उभा राहतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला की मंद पेटतो, ते यामुळेच. कॅबिनेटमध्ये असताना तुमचा हात क्वचित पत्र्याला लागतो. टेबलावर मात्र तुम्ही तोच उघडा पत्रा हातात धरता, तोही पावसाळ्यात, ओलसर फरशीवर अनवाणी उभे राहून. करंट लहान असला तरी दचकून हात भलतीकडे जातो. म्हणून तीन पिनांचाच प्लग, मधली पिन शाबूत, आणि दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर अजिबात नको. बोर्डाला खरंच अर्थ आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या: फेज ते अर्थ साधारण फेज ते न्यूट्रल इतकाच व्होल्टेज दिसायला हवा आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. आपल्या जांभ्या कातळात खणलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो. पाणी घालायची आठवण कुणालाच नसते, आणि पहिला गडगडाट नेमका तेव्हाच होतो.

अंगठी, कडं, लोंबणारी साखळी काढून ठेवा. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण मध्यम सप्लायसुद्धा त्या 12 व्होल्टवर तीस अँपिअर देतो. अंगठी पिवळ्या (12 व्होल्टच्या) नि काळ्या वायरीमध्ये अडकली तर ती क्षणात लाल होते. टेबल लाकडी, वर चादर नाही, पंख्याची जाळी मोकळी, खाली सुटे स्क्रू नाहीत. आणि घरात दुसरं कुणीतरी असताना करा.

पहिली पायरी क्लिपशिवायची. सप्लायची एकही वायर कशाला जोडलेली नको. फक्त मेन लाईट द्या, मागचं बटण चालू करा. मीटर डीसी 20 व्होल्टवर, लाल प्रोबची पिन व्होल्टच्या भोकात. 10 अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट, ते दोनदा बघा. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरीवर, लाल प्रोब मदरबोर्डला जाणाऱ्या 24 पिनी कनेक्टरच्या जांभळ्या वायरीवर, मागच्या बाजूने वायरीलगत अलगद सरकवलेला. कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारा हा 5 व्होल्टचा स्टँडबाय. तो 4.75 ते 5.25 मध्ये हवा. शून्य असेल तर पुढच्या सगळ्या गोष्टी व्यर्थ. सप्लाय गेला, क्लिपची गरजच नाही. वीज पडल्यावर आलेल्या सप्लायमध्ये बहुधा हाच शून्य दिसतो, कारण स्टँडबायचं सर्किट चोवीस तास लाईटवर उभं असतं. व्होल्टेजच्या लाटेचा पहिला मार त्याच्यावर.

हल्ली बऱ्याच सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे रंग शोधून उपयोग नाही. अशा वेळी एक सोपी खूण. 24 पिनांमध्ये 20 नंबरची जागा नव्या सप्लायमध्ये रिकामी असते. ते रिकामं भोक ज्या रांगेत आहे त्याच रांगेत स्टँडबाय स्थितीत एकाच पिनेवर व्होल्टेज मिळेल. ती 16 नंबरची पिन, म्हणजे आपली ‘हिरवी’. तिच्यात आणि रिकाम्या भोकात तीन पिना येतात, तिन्ही ग्राउंड. दुसऱ्या रांगेत व्होल्टेज असलेली एकटी पिन 9 नंबरची, म्हणजे ‘जांभळी’. तिला चुकून ग्राउंडला जोडलंत तर चांगला सप्लाय स्वतःला बंद करून घेतो, स्वस्तातला स्टँडबाय सर्किट जाळून घेतो. म्हणून आधी मीटर, मग वायर.

मेन बंद करा, मिनिटभर थांबा, मग 16 आणि तिच्या शेजारच्या 17 मध्ये तो वायरीचा तुकडा घाला. लाईट परत द्या. पिवळ्यावर 11.40 ते 12.60, लालवर 4.75 ते 5.25, नारिंगीवर 3.14 ते 3.46. निळ्यावर उणे 12, तिथे दहा टक्के इकडेतिकडे चालतं. त्यानंतर राखाडी वायर, 8 नंबर, जी बहुतेक लोक तपासतच नाहीत. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की सप्लाय या वायरीवर 5 व्होल्टच्या जवळपास सिग्नल देतो, चालू झाल्यापासून साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांत. पिवळा, लाल, नारिंगी सगळे ठीक आणि राखाडी शून्य, असा सप्लाय पंखा फिरवत बसेल, पण मदरबोर्ड त्याच्यावर कधीच सुरू होणार नाही. मामांच्या पद्धतीत हा सप्लाय पास होतो आणि चांगला बोर्ड बदलला जातो. ऑनलाइन मिळणारा छोटा स्क्रीनवाला सप्लाय टेस्टर घेतलात तर तो हा वेळ मिलिसेकंदांत दाखवतो. त्या यंत्राचा खरा फायदा मला तरी एवढाच वाटतो. लोड तेही नावापुरताच टाकतं.

खरी परीक्षा लोडवर. घरी जमण्यासारखा लोड म्हणजे भंगारातली जुनी हार्ड डिस्क आणि स्कूटरचा बल्ब. डिस्क जुनीच घ्या, फोटो असलेली नको. बिघडलेला सप्लाय तिला घेऊन जाऊ शकतो. मोठी साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, नंतर अर्ध्या अँपिअरवर येते, शिवाय 5 व्होल्टवरही थोडा भार टाकते. 12 व्होल्ट 21 वॅटचा ब्रेक लाईटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. होल्डरसकट कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. चार पिनी जुन्या कनेक्टरच्या पिवळ्या नि काळ्यावर तो जोडा, जोड टेपने झाका, बल्ब फरशीच्या तुकड्यावर ठेवा. गाडीचा 55-60 वॅटचा हेडलाईट एकदम लावू नका: थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट मागते, आणि सप्लायला ते शॉर्टसारखं वाटून तो बंद होतो. मग तुम्ही म्हणणार सप्लाय खराब. 21 वॅटचे दोन-तीन बल्ब एकामागून एक वाढवलेले बरे, प्रत्येक वेळी मेन बंद करून. चालू सप्लायवर कनेक्टर काढघाल करायची नाही.

इथे जुन्या सप्लायबद्दल एक गोष्ट. स्वस्त आणि जुन्या बनावटीत 12 आणि 5 हे दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवरून निघतात आणि त्यांचं नियंत्रण एकत्र होतं. फक्त 12 वर भार टाकला की 12 खाली येतो आणि 5 वर चढतो, सप्लाय चांगला असला तरीही. अगदी बिनलोड चालवला तर त्यातले काही भलतेच आकडे दाखवतात किंवा सुरूच होत नाहीत. म्हणून 5 व्होल्टवरही काहीतरी हवं: डिस्क, जुना डीव्हीडी ड्राइव्ह, किंवा लाल नि काळ्यामध्ये 10 ओहम 10 वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर. 5 व्होल्टवर तो अडीच वॅट खातो, आरामात. तोच 12 वर लावलात तर साडेचौदा वॅट होतात, टेबलाला डाग पडेल. तुमचा सप्लाय कुठल्या जातीचा, हे लेबलवरून ताडता येतं. 12 व्होल्टपुढे लिहिलेले अँपिअर गुणिले 12 करा. उत्तर एकूण वॅटच्या जवळ आलं, उदाहरणार्थ 450 वॅटच्या सप्लायवर 36-37 अँपिअर, तर बहुधा नवी बनावट. 450 वॅट छापलंय आणि 12 व्होल्टवर 14 अँपिअर, म्हणजे 168 वॅट, तर तो कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला डबा आहे. तो तपासण्यात संध्याकाळ घालवू नका, बदला.

लोडवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी आकडे लिहा. बल्ब लावल्यावर 12.1 चा 11.9 झाला आणि तिथेच राहिला, तर उत्तम. 11.9, 11.7, 11.5 असा गरम होत होत खाली सरकत गेला, तर आतले कपॅसिटर संपत आलेत. असा सप्लाय घरी तासभर चालतो आणि व्हिडिओ रेंडर करताना बंद पडतो. व्होल्टेजवरची बारीक थरथर, जी 12 वर 120 मिलिव्होल्ट आणि 5 व 3.3 वर 50 च्या आत असावी लागते, ती मीटरला दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो. म्हणून टेबलावर पास झालेला सप्लायही शंभर टक्के पास नसतो, हे ध्यानात ठेवा. योग्य लोडवर नापास झालेला मात्र नक्की नापास.

नाकही वापरा. तापलेलं प्लास्टिक आणि इन्सुलेशन पुष्कळदा मासळीसारखं वासतं. घरात बांगडे भाजत नसताना बांगड्यांचा वास आला तर वाट बघू नका, भिंतीवरचं बटण बंद. आणि जाळीतून आत टॉर्च मारून बघा: तुमच्या साखळी-डिचोलीच्या पट्ट्यात खाणीची तांबडी धूळ बसते, कळंगुट-हणजुण्याकडे खारी हवा पिना हिरव्या करते. त्या धुळीला जूनमधला ओलावा लागला की तिच्यातूनच करंट गळायला लागतो. पावसाळ्यात महिनाभर बंद असलेला सप्लाय थेट सुरू करण्याआधी दोन दिवस कोरड्या जागी ठेवलेला बरा.

सुरू करतानाच मोठा आवाज किंवा ठिणगी होईल अशी शंका असेल, आणि वीज पडल्यानंतर ती रास्त आहे, तर आधी सिरीज बोर्डवर लावून घ्या. म्हणजे फेजमध्ये 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर कपॅसिटर भरला, पुढे जा. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने करंट अडवल्यामुळे स्फोट टळला. हा बोर्ड घरी उघड्या वायरींनी बनवू नका. कुठल्याही जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे तो तयार लटकत असतो. एलईडी बल्ब चालत नाही. आणि यावर फक्त स्टँडबाय बघायचा, बल्ब मध्ये असताना पूर्ण लोड द्यायचा नाही.

ही सगळी पद्धत 24 पिनी एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या साच्यातल्या, सप्लायची. बँकेच्या किंवा ऑफिसच्या लिलावात घेतलेला डेल, एचपी, लेनोव्होचा डेस्कटॉप असेल तर त्यात बऱ्याचदा 6, 8, 10 किंवा 14 पिनांचा त्यांचा स्वतःचा कनेक्टर असतो, आणि काहींतून 12 व्होल्टशिवाय दुसरं काही येतच नाही. तिथे अंदाजाने क्लिप घालू नका, त्या मॉडेलचा पिन-नकाशा मिळवा. सुट्या केबलच्या सप्लायबद्दलही तेच: एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायमध्ये नीट बसते, पण डब्याकडच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. 5 च्या जागी 12 गेले की डिस्क तिथेच मेली.

आता तुमचा पंखा एकदा हलून थांबतो, त्याबद्दल. ही मेलेल्या सप्लायची खूण नव्हे. सप्लाय उठतो, काहीतरी शॉर्ट किंवा चुकीचं दिसतं आणि तो स्वतःला बंद करतो. दोष त्याच्या आत असेल किंवा त्याला जोडलेल्या कशात तरी. टेबलावर तो लोडसकट वीस मिनिटं चालला आणि राखाडीवर 5 व्होल्ट आले, तर सप्लाय सोडून बोर्डाकडे वळा. तेव्हाही बोर्ड लगेच टाकू नका. मेन बंद करून ग्राफिक्स कार्ड आणि सगळे ड्राइव्ह काढा, 24 पिनी कनेक्टर जोडा, प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनी कनेक्टर काढूनच ठेवा आणि बटण दाबा. स्क्रीनवर काही येणार नाही, पण पंखे फिरत राहिले तर शॉर्ट त्या प्रोसेसरच्या सप्लायमार्गावर आहे: बहुधा तिथला एखादा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), क्वचित प्रोसेसर. मॉस्फेट बदलता येतो, चिपचं काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे ते नव्या बोर्डपेक्षा खूप स्वस्तात होतं. पंखे तरीही एकदाच हलले, तर शॉर्ट बोर्डावर दुसरीकडे कुठेतरी. प्रत्येक प्रयत्नानंतर मेन काढून मिनिटभर थांबा, कारण सप्लायचं संरक्षण एकदा अडकलं की बऱ्याचदा स्टँडबाय उतरेपर्यंत तो परत उठत नाही, आणि तुम्हाला वाटतं आता हाही गेला.